पॅरामॅटात मुक्काम कुठे करावा?

मोठी सुट्टी जवळ आली की आपल्यातली कितीतरी कुटुंबे ऑस्ट्रेलियाची तयारी करू लागतात. कोणाचा मुलगा सिडनीला शिकत असतो, कोणाची मुलगी तिकडे नांदत असते. तिकिटे निघाली की आम्हांला हमखास एक प्रश्न विचारला जातो : "मास्तर, उतरायचं कुठं?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकदा चुकीचे दिले आणि एकदा बरोबर. वाचकांचे पैसे आणि मनस्ताप वाचावा, म्हणून दोन्ही वेळची हकिकत येथे देत आहोत.

समुद्राचा मोह

आमची धाकटी बहीण पॅरामॅटाला लागून असलेल्या हॅरिस पार्क या वस्तीत राहते. २०१८ साली तिला मुलगा झाला. डिसेंबरच्या सुट्टीत आईला घेऊन आम्ही दोघे निघालो. बहिणीचे घर दोन खोल्यांचे, त्यात नवे बाळ, म्हणून बाहेर उतरायचे ठरले. आम्ही पडलो बेटावरची माणसे. आपल्याकडे सुट्टी म्हणजे फ्लिक आँ फ्लाक नाहीतर ग्राँ बे येथे एखादे कांपमाँ भाड्याने घेणे आणि सकाळ-संध्याकाळ पाण्यात डुंबणे. त्याच सवयीने आम्ही सिडनीच्या मॅनली या किनाऱ्यावर खोली घेतली. छायाचित्रात खिडकी होती, खिडकीत निळा समुद्र होता. आणखी काय पाहायचे?

पाहायचे पुष्कळ होते. पॅरामॅटा हे सिडनीच्या मध्यभागापासून सुमारे २४ किलोमीटर पश्चिमेला, जमिनीच्या बाजूला आहे. मॅनलीहून आधी बोटीने सर्क्युलर कीला यायचे, मग आगगाडी, मध्ये गाडी बदलायची, शेवटी पायी. एका वेळेला पावणेदोन तास लागत. शिवाय आमची खोली दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. छायाचित्रात जिना कोणी दाखवत नाही आणि आम्हीही विचारले नव्हते.

आईची एकच इच्छा होती, नातवाला आपल्या हाताने तेल लावून न्हाऊ घालावे. पण आम्ही पोहोचेपर्यंत सकाळचे अकरा वाजत. तोवर बाळाची अंघोळ उरकून ते झोपलेले असे. दहा दिवसांपैकी दोनच दिवस तिला ती अंघोळ मिळाली. सहाव्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ती म्हणाली, "आज तुम्ही जा. मी इथंच बसते." कास्कावेलला जन्म काढलेली ती बाई दिवसभर खिडकीत बसून समुद्र पाहत राहिली. समुद्र तर ती घरीही रोज पाहत होती. तिथे तो पाहायला आम्ही तिला नेले नव्हते.

पाठटाचण

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत प्रशिक्षण घेताना आम्हांला पाठटाचण लिहायला शिकवले होते. वर्गात जाण्यापूर्वी वहीत पहिली ओळ उद्दिष्टाची लिहायची. साधने, वेळ, फळ्यावरचे काम हे सारे त्यानंतर. २०१५ पासून आजवर आमच्या हाताखालच्या नव्या शिक्षकांना आम्ही हेच सांगत आलो. पण स्वतःच्या प्रवासात मात्र आम्ही साधन आधी निवडले आणि उद्दिष्ट लिहिलेच नाही.

म्हणून २०२५ मध्ये पुन्हा जायचे ठरले तेव्हा आम्ही वही काढली. बहिणीला फोन केला. ती रडवेली झाली. "दादा, माझं घर असताना पुन्हा लॉजवर उतरणार? लोक काय म्हणतील? वहिनींना माझ्याकडे गैरसोय होते का?" तिचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्या लोकांत नातेवाइकांकडे न उतरणे म्हणजे नाते तोडल्यासारखेच. पण तिचे यजमान रात्रपाळीला जातात आणि दिवसा झोपतात. दोन खोल्यांत तीन पाहुणे तीन आठवडे राहिले, तर त्या माणसाने डोळा कुठे मिटायचा?

बहिणीला विचारून झाले, प्रवास-कचेरीत विचारून झाले, तिकडे राहणाऱ्या मित्रांना विचारून झाले. मग सौभाग्यवती म्हणाल्या, "सगळ्यांना विचारलंत. आईंना विचारलंत का?"

विचारले नव्हते. मागच्या खेपेसही विचारले नव्हते. आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिने क्षणाचाही विचार न करता सांगितले, "सकाळी उठून लेकीच्या घरी मला एकटीला चालत जाता आलं पाहिजे. कोणी सोडायला नको, कोणी आणायला नको. रात्री आपल्या खोलीवर परत. म्हणजे जावईबापूंना झोप आणि मलाही."

हे झाले उद्दिष्ट. ते आम्ही वहीत पहिल्या ओळीवर लिहिले आणि बहिणीलाही वाचून दाखवले. आईचेच शब्द आहेत म्हटल्यावर तिचा राग निवळला. झोप बाहेर आणि जेवण घरी, असा तह झाला.

कोणती जागा कशासाठी

पॅरामॅटात उतरण्याजोग्या जागा मुख्यतः तीन भागांत आहेत. प्रत्येकीचा गुण निराळा.

पहिला भाग रेल्वे स्टेशन आणि चर्च स्ट्रीटच्या आसपासचा. मोठी हॉटेले येथे आहेत. जलद गाडीने सिडनीचे मध्यवर्ती स्टेशन सुमारे अर्ध्या तासावर. डिसेंबर २०२४ पासून वेस्टमीड ते कार्लिंगफर्ड अशी ट्रामही येथून धावते, त्यामुळे वेस्टमीडच्या इस्पितळांत कोणी आप्त असेल तर हा भाग सोयीचा. ज्यांना रोज फिरायला जायचे आहे त्यांनी येथे उतरावे.

दुसरा भाग नदीकाठचा. चार्ल्स स्ट्रीटच्या धक्क्यावरून बोट सुटते आणि दीडएक तासात सर्क्युलर कीला पोहोचते. ज्याला पाणी पाहिल्याशिवाय करमत नाही, त्या आपल्यासारख्या बेटकरांना ही बोट फार आवडेल. मात्र ओहोटीला नदीत पाणी कमी असले की बोट रायडलमीरपर्यंतच येते आणि पुढचा टप्पा बसने करावा लागतो. निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहावे.

तिसरा भाग हॅरिस पार्क, म्हणजे तिथले 'लिट्ल इंडिया'. विग्रॅम स्ट्रीटवर जुन्या विटांच्या बैठ्या घरांत भारतीय खाणावळी आणि दुकाने थाटलेली आहेत. पोहे, डाळी, कढीपत्ता, पूजेचे साहित्य, सारे पायी अंतरावर मिळते. शाकाहारी वडीलधाऱ्यांची काळजी मिटते. पण शनिवार-रविवारी रात्री उशिरापर्यंत गर्दी आणि गलका असतो. रस्त्यावरची खोली घेऊ नये, मागच्या बाजूची मागावी.

आम्ही पॅरामॅटा आणि हॅरिस पार्क यांच्या मधोमध, लहानसे स्वयंपाकघर असलेली सदनिका घेतली. समुद्र नाही, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. पण बहिणीचे घर दहा मिनिटांवर, सपाट रस्ता, आणि मोठा चौक एकच, त्यालाही पायी जाणाऱ्यांचा दिवा. पैसे भरण्यापूर्वी आम्ही मालकाला चार प्रश्न विचारले होते. लिफ्ट आहे का? नसल्यास पायऱ्या किती? न्हाणीघरात धरायला दांडी आहे का? खोली थंड ठेवण्याची सोय आहे का?

शेवटचा प्रश्न पुष्कळजण विसरतात. समुद्राचा वारा पश्चिम सिडनीपर्यंत नीट पोहोचत नाही. पॅरामॅटाच्याही पश्चिमेला असलेल्या पेनरिथ येथे ४ जानेवारी २०२० रोजी पारा ४८.९ अंशांवर गेला होता. आपल्या बेटावरच्या माणसाने असे ऊन पाहिलेले नसते.

आणखी दोन गोष्टी. आपले वर्ग नोव्हेंबरात सुटतात, तिथल्या शाळा ख्रिसमसच्या आठवडाभर आधी सुटतात. नाताळ आणि नववर्षाला सिडनीत भाडी चढतात, म्हणून नोव्हेंबरअखेर जाऊन लवकर परतल्यास आपल्या रुपयाला जरा श्वास मिळतो. आणि विजेचा प्लग तिथे निराळा असतो, जोडणी इथूनच न्यावी.

आईची वाट

पहिल्या सकाळी आम्ही उठलो तो आई खोलीत नव्हती. सात वाजले होते. घाबरून फोन केला, तर बहीण म्हणाली, "ती इथं बसून चहा पितेय. तुम्ही झोपा."

त्या दिवसापासून जवळजवळ तीन आठवडे आईने सात वर्षांच्या नातवाला रोज शाळेत सोडले आणि दुपारी आणले. वाटेत ती मराठीत बोलायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, अडले की दोघे क्रेओलवर यायचे. तिसऱ्या आठवड्यात तो "आजी, चल लवकर" म्हणू लागला. न्हाऊ घालण्याचे वय निघून गेले होते, ते परत येणार नव्हते. पण ही वाट तिची स्वतःची होती.

एका संध्याकाळी आम्ही तिला पॅरामॅटा पार्कात नेले. तिथे जुने गव्हर्नमेंट हाउस आहे. १७९९ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले आणि २०१० मध्ये कैद्यांच्या इतर दहा स्थळांबरोबर ते जागतिक वारशात गेले. आपला आप्रवासी घाट २००६ मध्येच त्या यादीत गेला आहे. एकीकडे बेड्या घालून आणलेली माणसे, दुसरीकडे करारावर अंगठा उठवून आलेले आपले पूर्वज. कुठे उतरायचे, हे दोघांनाही कोणी विचारले नव्हते. अंधार पडू लागला तशी नदीकाठच्या झाडांवरून वटवाघळांचे थवेच्या थवे उडाले. आई हसून म्हणाली, "आपल्या लिच्या खाऊन ही इथं आली का?"

पॅरामॅटा हे नाव तिथल्या मूळ बुरामॅटागल लोकांवरून आले. वाम मासे जिथे वस्तीला असतात ती जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. तिथल्या नद्यांतले हे मासे अंडी घालायला दूर न्यू कॅलेडोनियाच्या बाजूच्या समुद्रात जातात आणि त्यांची पिल्ले पुन्हा नद्यांत येतात. समुद्रापार जाऊन वस्ती करणे आपल्या लोकांना काही नवीन नाही.

तेव्हा वाचकहो, खोली निवडताना छायाचित्रातली खिडकी पाहू नका. तुमच्यापैकी सर्वांत कमी चालू शकणारे माणूस कोण, त्याला रोज कुठे जायचे आहे, हे आधी त्यालाच विचारा. आम्हांला हा साधा प्रश्न विचारायला सात वर्षे लागली.