सेंद्रिय सांडपाण्याचे शुद्धीकरण : स्वस्त पद्धती आणि त्यांचा क्रम

प्रवरानगर येथे १९५०-५१ च्या हंगामात पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनाला नवे वळण मिळाले. साखरेबरोबर मळी आली आणि मळीपासून मद्यार्क तयार करणाऱ्या आसवन्याही उभ्या राहिल्या. या उद्योगाने रोजगार दिला. त्याबरोबरच सांडपाण्याचा बिकट प्रश्नही निर्माण केला. मळीपासून एक लिटर मद्यार्क तयार होताना साधारणतः ८ ते १५ लिटर सांडपाणी बाहेर पडते. ते गरम, आम्लधर्मी आणि गडद तपकिरी असते.

प्रदूषणाचे स्वरूप

पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांवर सूक्ष्म जंतू उपजीविका करतात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. या गरजेला ‘जैव प्राणवायू मागणी’ म्हणतात. आसवनीच्या सांडपाण्यात ती लिटरमागे ४० हजार मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक असते. स्वच्छ नदीच्या एक लिटर पाण्यात मात्र जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. म्हणजेच असे एक लिटर सांडपाणी सुमारे ५ हजार लिटर पाण्यातील प्राणवायू संपवू शकते. मासे मरून तरंगू लागतात, त्याचे कारण पुष्कळदा विष नसून हीच प्राणवायूची टंचाई असते.

खर्च कोठे वाचतो?

सर्वांत स्वस्त उपाय कारखान्याच्या आतच असतो. थंड करण्यासाठी वापरलेले तुलनेने स्वच्छ पाणी आणि तीव्र सांडपाणी एकाच नाल्यात सोडले, तर सर्वच पाणी शुद्ध करावे लागते. प्रवाह वेगळे ठेवले की यंत्रणा लहान लागते.

दुसरी पायरी हवाविरहित पचनाची. बंद टाकीत, हवेच्या अभावी, जंतू सेंद्रिय द्रव्यांचे मिथेन वायूत रूपांतर करतात. गावातील गोबरगॅस संयंत्राचे तत्त्व हेच आहे. या पद्धतीत जैव प्राणवायू मागणी ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत घटते. हवा फुंकण्यासाठी वीज लागत नाही आणि गाळही कमी निघतो. रासायनिक प्राणवायू मागणीच्या मापाने एक किलो द्रव्य नष्ट झाले, तर सिद्धांतानुसार ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. एका घनमीटर सांडपाण्यातून असे ६५ किलो द्रव्य गेल्यास सुमारे २३ घनमीटर मिथेन हाती येतो. बॉयलरमध्ये तो जाळून इंधनाची बचत करता येते.

उरलेल्या द्रव्यांसाठी हवायुक्त प्रक्रिया योजली जाते. १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेली सक्रियित गाळाची पद्धत आजही सर्वत्र वापरात आहे. तिला वीज पुष्कळ लागते. म्हणूनच तीव्र सांडपाणी थेट तिच्याकडे पाठविणे महाग पडते.

हट्टी द्रव्ये

काही द्रव्ये जंतूंना सहज पचत नाहीत. आसवनीच्या पाण्याचा तपकिरी रंग मेलॅनॉइडिन या द्रव्यामुळे असतो आणि पचनानंतरही तो टिकतो. रंग व औषधनिर्मितीच्या कारखान्यांतही अशी द्रव्ये आढळतात. त्यांच्यासाठी नारळाच्या करवंटीपासून अथवा दगडी कोळशापासून केलेला सक्रिय कोळसा वापरतात. उसाच्या बगॅसच्या राखेवरही या कामासाठी प्रयोग झाले आहेत. मात्र शोषणाने प्रदूषक नष्ट होत नाही, केवळ जागा बदलतो. वापरलेल्या राखेची वा कोळशाची विल्हेवाट लावण्याचा खर्चही हिशेबात धरला पाहिजे. लोहक्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची फेंटन प्रक्रिया अशी द्रव्ये मोडते; परंतु द्रव्य जितके अधिक, तितकी रसायने अधिक लागतात. म्हणून ती लहान, निवडक प्रवाहांसाठीच परवडते.

कायदा आणि गावाची दक्षता

महाराष्ट्राने १९६९ मध्येच जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापन झाले. १९७४ मध्ये केंद्रीय कायदा आला. नदी-नाल्यात सोडावयाच्या सांडपाण्यासाठी जैव प्राणवायू मागणीची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम, तर सिंचनासाठी जमिनीवर सोडावयाच्या पाण्यासाठी १०० मिलिग्रॅम आहे. आसवन्यांबाबत तर थेंबभरही सांडपाणी आवाराबाहेर जाऊ नये, असे धोरण आहे. त्यासाठी बाष्पीभवन, ज्वलन किंवा प्रेसमडबरोबर कंपोस्ट खत करणे हे मार्ग आहेत.

अस्तर नसलेल्या साठवण तळ्यातून पाणी जमिनीत मुरते आणि विहिरी तांबूस होतात. विहीर एकदा बिघडली की ती सुधारण्यास वर्षे लागतात. यासाठी पंचायत सदस्यांनी कारखान्याच्या परिसरातील विहिरींचे पाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासून घ्यावे, नोंदी ठेवाव्यात आणि बदल दिसताच मंडळाच्या कार्यालयास लेखी कळवावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हेही समजावून द्यावे की, सांडपाण्यात चांगले पाणी मिसळून ते पातळ करणे म्हणजे शुद्धीकरण नव्हे. शुद्धीकरणावर कारखान्याने न केलेला खर्च अखेरीस गावाला टँकरच्या रूपाने सोसावा लागतो.