म्हातारपण एका शास्त्राचे नव्हे

रात्री बारा-एकचा सुमार. घरातली म्हातारी उठते, परसाकडे जायला निघते, उंबऱ्याला पाय अडखळतो आणि ती पडते. खुब्याचे हाड मोडते. सकाळी गाव म्हणतो, "वयच झालं होतं!" पण मंडळी, वयाला दोष दिला की पुढचा विचारच थांबतो. म्हणून आपण जरा थांबून विचारू, की ती पडली का?

डोळ्यांचा डॉक्टर म्हणेल, मोतीबिंदू वाढला होता. औषधांचा जाणकार म्हणेल, रक्तदाबाच्या गोळीमुळे उठताक्षणी घेरी आली असेल. व्यायामोपचार करणारा म्हणेल, मांड्यांतले बळ गेले होते. घर बांधणारा उंबऱ्याकडे बोट दाखवील. आणि समाजशास्त्राचा अभ्यासक विचारील, मुलगा मुंबईला, घरात दुसरे माणूस नाही, मग हाताला धरायला होते कोण? यांतला कुणीच खोटा नाही. परंतु प्रत्येकाने आपापल्या वाट्याचे तेवढे पाहिले. म्हातारी मात्र सगळीच्या सगळी पडली!

हे सारे धागे एकत्र धरून जो अभ्यास करतात, त्याला वार्धक्य व आरोग्य यांचा आंतरविद्याशाखीय अभ्यास म्हणतात. शब्द भला मोठा आहे, पण बिचकू नका. अनेक शास्त्रांनी एका ओसरीवर बसून एकच प्रश्न सोडवायचा, इतकाच त्याचा अर्थ. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने वार्धक्यशास्त्राची स्वतंत्र पीएच.डी. १९८९ साली सुरू केली. आपल्याकडे ही निकड आता दाराशी आली आहे. १९५१ च्या शिरगणतीत साठीच्या पुढची माणसे दोन कोटींच्या आसपास होती. २०११ च्या शिरगणतीत ती दहा कोटींच्या वर गेली.

असा अभ्यास प्रत्यक्षात कसा चालतो, त्याचा एक दाखला मला फार आवडतो. म्हातारपणी काहींना स्मृतिभ्रंश होतो. तो ओळखण्यासाठी १९७५ साली अमेरिकेत मार्शल फोलस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटी प्रश्नावली केली. आजची तारीख सांगा, शंभरातून सात-सात वजा करीत जा, एक वाक्य लिहा, या कागदावर 'डोळे मिटा' असे लिहिले आहे ते वाचून तसे करा. असे तीस गुणांचे प्रश्न. जगभर ती वापरली गेली.

आता हा कागद घेऊन आपल्या आजीपुढे बसा. शाळेची पायरी न चढलेली आजी वाक्य लिहिणार कशी? तारीख विचारली तर म्हणेल, "तारीख कुठली बाबा, परवा एकादशी आहे." एकादशी परवाच असते, आजी चुकलेली नसते; पण कागदाच्या हिशेबी तिला शून्य. म्हणजे निरक्षरतेलाच आपण रोग ठरवून मोकळे!

हीच अडचण दिल्लीजवळ हरियाणातील बल्लभगढ भागात भारतीय व अमेरिकी संशोधकांपुढे आली. तिथल्या खेड्यांतून वृद्धांचे सर्वेक्षण करायचे, तर प्रश्नच नव्याने घडवावे लागले. १९९० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी हिंदी प्रश्नावली तयार केली. सकाळ आहे, दुपार की संध्याकाळ, असे त्यात विचारले. वाक्य लिहा ऐवजी, आपल्या घराविषयी काही सांगा, म्हटले. वाचून डोळे मिटण्याऐवजी, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसे करा, असे सांगितले. बदल दिसायला किरकोळ वाटतात. पण त्यामागे मेंदूचा वैद्य हवा, खेड्याची बोली जाणणारा हवा, आणि निरक्षर पण धडधाकट माणसांचे गुण साधारण किती येतात ते मोजून ठरवणारा संख्याशास्त्रज्ञही हवा. एकट्या वैद्याच्याने ते झाले नसते.

गुरुजी, आता आपल्यापाशी येतो. आपला एखादा विद्यार्थी परिचारिका झाला असेल, कुणी समाजकार्य, गृहविज्ञान किंवा संख्याशास्त्र शिकला असेल. त्याला या वाटेला लावताना एक गोष्ट बजावा. एक विषय पक्का हवा, आणि दुसऱ्या दोहोंशी बोलता येईल इतकी ओळख हवी. नाहीतर एक ना धड, भाराभर चिंध्या! मी तर म्हणेन, विद्यापीठ निवडण्याआधी प्रश्न निवडावा. 'वृद्धांचे आरोग्य' हा काही प्रश्न नव्हे, ती नुसती पाटी झाली. 'आमच्या तालुक्यात शस्त्रक्रिया झाल्यावरही म्हाताऱ्या माणसांची भीती का जात नाही?' हा प्रश्न झाला.

नियमांचे थोडक्यात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर परीक्षेत सामान्यतः ५५ टक्के गुण लागतात. मुदत कमीत कमी तीन वर्षे, एरवी जास्तीत जास्त सहा. स्त्रियांना दोन वर्षांची आणखी सवलत आहे. मुख्य मार्गदर्शकाबरोबर दुसऱ्या विभागातला, किंबहुना दुसऱ्या संस्थेतलाही सहमार्गदर्शक घेता येतो, आणि अशा अभ्यासाला हीच तरतूद जीव देते. नोकरीत असलेल्यांना, मालकाची ना-हरकत मिळाल्यास, अर्धवेळ अभ्यासाचीही सोय आहे. हे शिक्षकांनी स्वतःसाठीसुद्धा ऐकून ठेवावे.

पैशाचे काय? सगळी पाहणी स्वतःच केली पाहिजे असे नाही. मुंबईत देवनारला १९५६ साली स्थापन झालेली, लोकसंख्येचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने इतरांच्या सहकार्याने २०१७-१८ मध्ये देशभरातील पंचेचाळिशीच्या पुढची माणसे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांवर जणांची पाहणी केली. हाताच्या मुठीचे बळ, चालण्याचा वेग, रक्तदाब, दृष्टी, आठवण. आणि त्याच माणसाचे उत्पन्न, घर, मुलाबाळांशी येणेजाणे, हे सारे एकत्र नोंदले. ही माहिती संशोधकांना अर्ज करून मिळते.

मात्र गावात स्वतः जायचे ठरले, तर घरात शिरल्यावर काय होते ते आधीच सांगून ठेवतो. प्रश्न आजोबांना विचारावा, तर मुलगा पुढे सरसावून उत्तर देतो, "त्यांना काही आठवत नाही हो, मला विचारा." त्याला गोडीने दुसऱ्या कामात गुंतवा, आजोबांच्या ज्या कानाला ऐकू येते त्या बाजूला बसा, आणि पहिला प्रश्न विचारून झाल्यावर जरा दम धरा.