सर्व्हर रोज दुपारी दमतो? रॅम घेण्याआधी हे तपासा



समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सकाळी सॉफ्टवेअर झकास चालतं. दुपारनंतर एकेक बिल निघायला वेळ लागतो. टेम्पो गेटवर उभा, माल भरलेला, आणि चलन काही निघत नाही. सर्व्हर बंद करून चालू केला की पुन्हा सगळं सुरळीत! मग सल्ला मिळतो, "शेठ, रॅम वाढवा."

थांबा. आधी दुखणं ओळखा.

एसक्यूएल सर्व्हर मिळेल तेवढी मेमरी घेतो आणि सहसा धरून ठेवतो. तो त्याचा स्वभावच आहे. त्यामुळे मेमरी भरलेली दिसली म्हणजे गळती झालीच असं नाही. ही मर्यादा 'मॅक्स सर्व्हर मेमरी'मध्ये ठरवता येते. आणि तुमच्याकडे २०२२ ची मोफत एक्सप्रेस आवृत्ती असेल, तर डेटाच्या बफरसाठी ती १,४१० एमबीपर्यंतच मेमरी वापरते. वरची रॅम त्या कामाला येतच नाही!

मग खरी गळती कुठे? अनेकदा स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच लिहून ठेवलेल्या कामाच्या कृतीत. कामगार स्टोअरमधून पाना नेतो आणि परत देत नाही. रोज शंभर पाने गेले तर स्टोअर रिकामं होणारच ना? तसंच हे.

नेहमीचं उदाहरण घ्या. ऑर्डरची एक्सएमएल फाईल वाचायला प्रोसिजर 'एसपी_एक्सएमएल_प्रिपेअरडॉक्युमेंट' वापरते. काम झाल्यावर 'एसपी_एक्सएमएल_रिमूव्हडॉक्युमेंट' लिहायचं राहून जातं. मग ती फाईल कनेक्शन तुटेपर्यंत मेमरीत बसून राहते. सॉफ्टवेअर सकाळपासून एकच कनेक्शन धरून असेल तर ढीग वाढतच जातो. रीस्टार्टने बरं वाटतं ते म्हणूनच.

दुरुस्ती: तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला दोन गोष्टी सांगा. एक, रिमूव्हची ओळ काम संपल्यावर हवी आणि चूक पकडणाऱ्या 'कॅच' भागातही हवी. दोन, जमेल तिथे एक्सएमएलची 'नोड्स' पद्धत वापरा. त्यात परत करायचं असं काही उरतच नाही. कर्सर वापरला असेल तर 'क्लोज'सोबत 'डीअ‍ॅलोकेट'ही हवं.

चाचणी: 'केलं साहेब' यावर विसंबू नका. डेटाबेसच्या कॉपीवर समोर बसून करून घ्या.

१. 'सिस.डीएम_एक्झेक_एक्सएमएल_हँडल्स' मधून उघड्या फाईलींचा आकडा लिहून घ्या.

२. तीच प्रोसिजर एकाच कनेक्शनवर शंभर वेळा चालवा. कनेक्शन मध्येच बंद केलं तर सगळं आपोआप मोकळं होतं आणि गळती लपते.

३. आकडा पुन्हा पाहा. शंभरने वाढला तर गळती पकडली! दुरुस्तीनंतर तो होता तिथेच राहायला हवा.

४. आता मुद्दाम चुकीची ऑर्डर द्या, नगाच्या जागी अक्षरं टाका. चूक झाल्यावरही आकडा वाढला नाही, तरच दुरुस्ती पक्की.

सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय मानांकन आहे. माल आपला उत्तमच आहे. तो चलनासाठी गेटवर अडकू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

रॅमचं कोटेशन येऊ द्या. पण सही करण्याआधी ही चाचणी करा.