विश्लेषण : गोष्ट सूत्रधाराची की खेळाडूंची? ‘रोल-प्लेइंग’ खेळांत कथेची मालकी कशी बदलत गेली?

टेबलाभोवती चार-पाच जण, काही फासे, कागद-पेन्सिल आणि एक कल्पित जग एवढ्या भांडवलावर चालणाऱ्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ला २०२४ मध्ये ५० वर्षे पूर्ण झाली. या खेळप्रकारात गोष्ट रचायची कोणी, हा प्रश्न मात्र आजही चर्चेत असतो. सारा भार सूत्रधारावर टाकला तर तो थकतो आणि खेळाडू नुसते प्रेक्षक होतात. या कोंडीवर खेळरचनाकारांनी शोधलेल्या उपायांविषयी...

खेळ नेमका चालतो कसा?

प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. गेम मास्टर, म्हणजे सूत्रधार, त्या जगाचे वर्णन करतो आणि शत्रूंसह उरलेली सगळी पात्रे सांभाळतो. आपले पात्र काय करणार हे खेळाडू सांगतात आणि निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत आणलेला हा खेळ युद्धखेळांतून जन्मला. त्या खेळांतील पंचाचेच पुढे सूत्रधारात रूपांतर झाले.

कोंडी कोठे होते?

सूत्रधाराने कथानक आधीच ठरवून ठेवले की अडचण सुरू होते. डाकूंशी लढाई होणार असे त्याने योजलेले असते. खेळाडू मात्र त्यांच्याशी तह करू म्हणतात. तयारी वाया जाऊ नये म्हणून सूत्रधार तहाची वाट बंद करतो. रुळांवरून गाडी न्यावी तसा हा प्रकार असल्याने खेळाडूंच्या भाषेत त्याला ‘रेलरोडिंग’ म्हणतात. दोन-तीनदा असे घडले की खेळाडू निर्णय घेणेच सोडतात आणि आपली पाळी येईपर्यंत मोबाइल पाहत बसतात. ते गप्प म्हणून सूत्रधार आणखी तयारी करतो आणि तयारी वाढली की ती सोडवत नाही. या चक्रात खेळणारे एकेक करून गळू लागतात.

फाशांच्या नियमाने काय बदलले?

कुलूप उघडण्याचा प्रयत्न फसला आणि पुढे काहीच घडले नाही, तर कथा तेथेच अडते. २०१० मधील ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने यावर तोडगा काढला. यात सहा बाजूंचे दोन फासे टाकून त्यात पात्राचा गुण मिळवतात. बेरीज १० किंवा अधिक झाली तर पूर्ण यश. ७ ते ९ आली तर बहुतेकदा यश मिळते, पण किंमत मोजून. म्हणजे कुलूप उघडते, मात्र पहारेकरी जागा होतो. ६ किंवा कमी आली तर सूत्रधार नवे संकट आणू शकतो. कथानक आधी ठरवू नये, खेळाडूंना प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे जगात मिसळावीत, अशी सूचनाही नियमांतच आहे.

खेळाडूंच्या हाती अधिकार कसा येतो?

‘फेट’मध्ये खेळाडू पात्राचा स्वभाव एखाद्या वाक्यात लिहितो, जसे, ‘कर्जबाजारी पण दिलदार’. या स्वभावामुळे ओढवणारी अडचण त्याने स्वीकारली तर ‘फेट पॉइंट’ मिळतो आणि तो पुढे फायद्यासाठी खर्च करता येतो. त्यामुळे पात्राची उणीवही हवीशी वाटते. दरोडेखोरांवरील ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये पहारेकरी आडवा आला तर, त्याला आदल्या रात्रीच लाच दिली होती, असा पूर्वप्रसंग खेळाडू ऐन वेळी रचू शकतो. तो जितका अवघड, तितका पात्रावरचा ताण वाढतो. २००९ मधील ‘फियास्को’ने तर सूत्रधारच काढून टाकला. पाळी असलेला खेळाडू प्रसंग मांडतो किंवा त्याचा शेवट ठरवतो. उरलेले काम इतरांकडे.

नियम न बदलता काय करता येते?

पहिला उपाय म्हणजे ‘सेशन झिरो’. प्रत्यक्ष खेळापूर्वीच्या या बैठकीत कथेचा बाज, नको असलेले विषय आणि पात्रांची परस्परांशी नाती ठरतात. दुसरा उपाय म्हणजे कथानकाऐवजी परिस्थिती तयार ठेवणे. डाकूंना काय हवे आहे आणि कोणी अडवले नाही तर ते काय करतील, एवढे माहीत असले की खेळाडूंनी कोणतीही वाट धरली तरी खेळ अडत नाही. तिसरा उपाय म्हणजे नेमके प्रश्न विचारणे. ‘इथे काय आहे?’ या मोकळ्या प्रश्नाने बुजरा खेळाडू गांगरतो. त्याऐवजी ‘या गावात तुला ओळखणारे कोण आहे?’ असे विचारले तर उत्तर लवकर सुचते.

मर्यादा कोणत्या?

प्रत्येकाला गोष्ट रचायची असतेच असे नाही. खुनाचे रहस्य उलगडायला बसलेल्यांनाच ‘खुनी कोण ते ठरवा’ म्हटले तर शोधाची मजा संपते. शिवाय अधिकार वाटले तरी बोलका खेळाडू इतरांचा वाटा बळकावू शकतो. तेव्हा गप्प असलेल्याकडे प्रसंग वळवणे हे सूत्रधाराचेच काम राहते. खेळाडूंना कथेत वाटा किती हवा, हे त्यांनाच आधी विचारून घेणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.