ढगांच्या वरची वीज

वीज ढगातून जमिनीवर कोसळते, हे आपण सारे जाणतो. परंतु मोठ्या वादळी ढगांच्या कितीतरी वर, सुमारे ५० ते ९० किलोमीटर उंचीवर, कधी कधी तांबडा प्रकाश क्षणभर उजळतो. त्याला शास्त्रज्ञ ‘स्प्राइट’ म्हणतात.

ढगातील मोठा धनभार एखाद्या प्रबळ विजेबरोबर जमिनीकडे वाहून गेला, की ढगावरील विद्युतक्षेत्र एकाएकी वाढते. त्या उंचीवर हवा अतिशय विरळ असल्याने तेवढ्यानेही तेथे विद्युतविसर्ग होतो आणि नायट्रोजनचे रेणू तांबडे प्रकाशतात. हे सारे काही सहस्रांश सेकंदांत आटोपते.

ढगांवरही विद्युतविसर्ग होऊ शकेल, असे सी. टी. आर. विल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने १९२५ मध्येच मांडले होते. वैमानिकही असे प्रकाश पाहिल्याचे सांगत. पण पुराव्याअभावी त्यांच्या सांगण्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. अखेर ६ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे संशोधक अग्निबाणाच्या प्रयोगासाठी अंधुक प्रकाशात चालणारा कॅमेरा तपासत असताना, दूरच्या वादळावरील दोन प्रकाशस्तंभ त्यात अनपेक्षितपणे टिपले गेले. पुढे अवकाशयानांतून झालेली जुनी चित्रणे तपासली, तेव्हा त्यांतही असे प्रकाश सापडले. दृश्य हाती होते. पाहणारी दृष्टी नव्हती.

वादळाच्या खाली उभे राहिल्यास ढगच आड येतात. म्हणून अभ्यासक दोन-तीनशे किलोमीटर दूर, काळोख्या व निरभ्र जागी अतिवेगवान कॅमेरे लावतात आणि विजेच्या रेडिओलहरींच्या नोंदींशी चित्रे ताडून पाहतात. २००३ मध्ये ‘कोलंबिया’ यानातून इलान रामोन यांनीही स्प्राइटचे चित्रण केले. परतीच्या वाटेवर ते यान नष्ट झाले. रामोन व कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. आधीच पृथ्वीवर पाठवलेले चित्रण तेवढे उरले. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील ‘असिम’ हे उपकरण हेच निरीक्षण पुढे नेत आहे.

केवळ ऐकीव किंवा परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नका, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला. त्याची दुसरी बाजूही आम्हांला तितकीच मोलाची वाटते. सांगणाऱ्याच्या हाती साधन नाही, एवढ्यावरून त्याचा अनुभव खोटा ठरत नाही. तो तपासून पाहणे, हे ऐकणाऱ्याचे कर्तव्य आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी विज्ञानाकडून एवढे जरी घेतले, तरी त्यांचे शिक्षण सार्थकी लागले असे आम्ही मानू.