कशेळीतला मराठीचा तास

ठाण्यातल्या बाळकुमकडून खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी लागते. गोदामं, मेट्रोचे खांब आणि कंटेनरच्या रांगांतून वाट काढणाऱ्या स्कूल व्हॅन. या पट्ट्यातल्या एका ख्रिस्ती संस्थेच्या इंग्रजी शाळेत मी आठवीच्या मराठीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसलो होतो. प्रार्थना इंग्रजीत झालेली, फळ्यावरची तारीखही इंग्रजीत. टीचरनी फळा पुसला आणि मोठ्या अक्षरांत गावाचं नाव लिहिलं: कशेळी.

वर्ग एका सुरात म्हणाला, "कशेली."

"जिभेचं टोक मागे वळवा, टाळूला लावा आणि सोडा," टीचर म्हणाल्या. पहिल्या फटक्यात जमलं ते एका तेलुगू मुलीला. पद्मशाली विणकरांच्या घरातली ती. तेलुगूत ळ आहे. उत्तर प्रदेशातून आलेल्या घरांतली पोरं 'ल'वरच अडली, कारण हिंदीत हा उच्चारच नाही. आणि अडला तो इथलाच आगरी मुलगा. त्याच्या घरात डोळ्याला डोलाच म्हणतात. टीचर त्याला म्हणाल्या, "आजीशी बोलताना डोलाच म्हण हं. पेपरात मात्र ळ काढ." मला हे फार मोलाचं वाटलं. घरची बोली चुकीची न ठरवता प्रमाण भाषा शिकवायला मोठी समज लागते.

मग वह्या. 'तो पुस्तक', 'ती झाड' पानोपानी. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे 'ते' हाताशी येतच नाही. टीचर बरोबर शब्द लिहून देत नाहीत. चुकीखाली नुसती लाल रेघ मारतात. दुरुस्ती मुलानेच शोधायची आणि ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवायचं. या कामाला वेळ लागतो. एका तासात चार-पाच वह्यांपलीकडे मजल जात नाही, उरलेलं गाठोडं टीचरबरोबर घरी जातं.

2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. पुढच्या वर्षी या मुलांच्या हातात 'अक्षरभारती' हे मराठीचं पाठ्यपुस्तक येईल, दहावीला 80 गुणांचा लेखी पेपर आणि 20 गुणांचं अंतर्गत मूल्यमापन. पण सक्तीने पुस्तक दप्तरात येतं, ळ जिभेवर आणायला शिक्षकच लागतो.

ख्रिस्ती शाळेत मराठी म्हणजे पाहुणी, असं मानणाऱ्यांनी थोडा इतिहास आठवावा. फादर स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. 'यमुनापर्यटन' ही मराठी कादंबरी 1857 मध्ये ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींनी लिहिली. शेजारच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या 93व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. मराठी ही या परंपरेच्या घरचीच भाषा आहे. म्हणून मराठीचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर, मुलं पेंगत असताना लावणं मला पटत नाही. तो सकाळी, मुलं ताजी असताना हवा.

पालकांनाही एक विनंती. ओपन डेला गणित आणि सायन्सच्या टेबलापुढे रांग असते. पुढच्या खेपेला पाच मिनिटं मराठीच्या टीचरपुढेही बसा, आणि मुलाची वही मागून घेऊन तिथेच उघडून बघा.