लेदर समुदायातील नेतृत्व: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लेदर समुदाय उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत, समलिंगी पुरुषांच्या मोटरसायकल क्लबांमधून. लॉस एंजेलिसचा 'सॅटर्स' क्लब १९५४चा. पुढे न्यूयॉर्कची यूलेनश्पीगल सोसायटी (१९७१) आणि सॅन फ्रान्सिस्कोची सोसायटी ऑफ जेनस (१९७४) या संस्थांनी स्त्रियांना व भिन्नलिंगी मंडळींनाही सामावून घेतले. बंधन, वर्चस्व-समर्पण आणि वेदना यांचे परस्परसंमतीचे व्यवहार, म्हणजेच बीडीएसएम, हा तिथे उघडपणे शिकण्या-शिकवण्याचा विषय झाला. अशा संस्था चालवणाऱ्यांबद्दल मात्र बाहेर आणि खुद्द समुदायातही भलत्याच कल्पना आहेत.

खासगीत जो हुकूम सोडतो तोच खरा नेता, ही त्यांतली सर्वांत रुजलेली. प्रत्यक्षात वर्चस्व ही दोघांनी आधी बोलून ठरवलेली आणि ठरलेल्या एका शब्दासरशी थांबणारी भूमिका असते. संस्थेच्या सभेत तिला काडीची किंमत नाही. तिथे हॉलचे भाडे, वर्गणीचा हिशेब, नवख्यांची विचारपूस आणि न मिटणारी भांडणे यांच्याशी गाठ असते. एकाने कोणाला 'सर' म्हणायचे कबूल केले, म्हणून बाकीच्यांनीही म्हणावे असा नियम नाही; तशी अपेक्षा धरणारा माणूस नेतृत्वाला नालायक समजावा. जेनसच्या सहसंस्थापक सिंथिया स्लेटर यांचे नाव आजही घेतले जाते ते त्यांच्या कामामुळे. पुरुषांपुरत्या असलेल्या लेदर वर्तुळाची दारे त्यांनी स्त्रियांसाठी उघडायला लावली आणि १९८५मध्ये स्त्रियांना एचआयव्ही-एड्सची माहिती देणारी दूरध्वनी सेवा उभारली.

मेळाव्यातील 'डंजन मॉनिटर'चे काम पाहिले की अधिकार कशासाठी असतो ते कळते. हा स्वयंसेवक दंडाला पट्टी बांधून फिरतो. दोरी झटकन कापता यावी म्हणून बोथट टोकाची कात्री जवळ बाळगतो, प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे हे त्याला माहीत असते आणि पाळी संपेपर्यंत तो स्वतः कशातही भाग घेत नाही. कोणी 'रेड' हा थांबण्याचा शब्द उच्चारला आणि समोरचा थांबला नाही, तर तो मध्ये पडतो. समोरचा कितीही ज्येष्ठ असो.

किताब मिळाला की पुढारीपण मिळाले, असेही मानले जाते. शिकागोत १९७९पासून 'इंटरनॅशनल मिस्टर लेदर' स्पर्धा होते. सॅश गळ्यात पडली म्हणून कोणावर सत्ता येत नाही. वर्षभर गावोगावी जाऊन बोलणे आणि निधी गोळा करणे मात्र येते. पिळदार शरीराचाच माणूस जिंकतो, हा समजही टिकत नाही: २०१०चे विजेते टायलर मॅकॉर्मिक हे व्हीलचेअर वापरणारे ट्रान्स पुरुष होते.

'ओल्ड गार्ड'च्या, म्हणजे जुन्या पिढीच्या, नावाने कडक, एकसारखी नियमावली सांगणारे बरेच भेटतात. तशी एकच नियमावली कधी नव्हती. शहरागणिक, बारगणिक रिवाज वेगळे होते आणि ते तोंडीच चालत. परंपरेचा दाखला देऊन नवख्यांना गप्प बसवणाऱ्याने आधी शिकागोच्या लेदर आर्काइव्ह्ज अँड म्युझियममध्ये एक चक्कर मारावी. १९९१मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने त्या काळची कागदपत्रे जपली आहेत.

सर्वांत घातक गैरसमज तक्रारींबद्दलचा. प्रकरण बाहेर गेले तर समुदायाची बदनामी होईल, तेव्हा आपापसांत मिटवावे, हे ऐकायला शहाणपणाचे वाटते. त्यातून अत्याचार करणारा तेवढा सुरक्षित राहतो आणि तक्रारदार संस्था सोडून जातो. तक्रार कोणाकडे करायची, ती कोण ऐकणार, आरोप खुद्द पदाधिकाऱ्यावर असेल तर काय, हे आधीच लिहून ठेवणे हे नेत्याचे काम आहे. १९८३च्या सुमारास न्यूयॉर्कच्या जीएमएसएमए या संस्थेतून 'सुरक्षित, समंजस, संमतीने' हे सूत्र पुढे आले. ते घोषणा म्हणून छान आहे, पण तक्रार ऐकणारी माणसे नसतील तर त्याचा उपयोग शून्य.

संमती असली की कायद्याची भीती नाही, हा शेवटचा भ्रम. ब्रिटनमधील 'आर विरुद्ध ब्राउन' खटल्यात सहभागींची संमती होती. तरीही १९९३मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी शिक्षा कायम ठेवली. शारीरिक इजेच्या गुन्ह्यात संमती हा बचाव मानला गेला नाही. १९९७मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. कायदा देशागणिक बदलतो. त्यामुळे 'कागदावर सह्या झाल्या, आता काळजी नाही' असे सभासदांना सांगणारा पदाधिकारी त्यांना अडचणीत टाकतो.